सणाआधीचा पाळक

(द्वितीय वर्ष कला)

डिसेंबर महिना लागला की वर्गातील मैत्रिणी मला 'केक कधी आणणार?' एवढेच विचारतात. त्यांचा दोष नाही. उल्हासनगरच्या बाजारात नोव्हेंबर संपता संपता कागदी चांदण्या, लाल टोप्या आणि प्लॅस्टिकची झाडे टांगलेली दिसतात. ख्रिस्ती सण म्हणजे हेच असणार, असे कोणालाही वाटेल. वस्तुतः आमच्यासारख्या, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि लाडू होतात. केक बेकरीतून येतो, तोही धाकट्यांच्या हट्टापायी. पण फराळ काय नि केक काय, ही झाली घराची तयारी. सण ज्याच्या अंगावर येऊन पडतो त्या माणसाची, म्हणजे मंडळीच्या पाळकाची तयारी कोणाला दिसत नाही. ती काय असते, आणि माझ्या मते ती कोठून सुरू व्हायला हवी, हे या लेखात सांगायचे आहे.

आधी दोन शब्दांचा खुलासा. कॅथलिक लोक आपल्या धर्मगुरूला 'फादर' म्हणतात. मराठी प्रॉटेस्टंट लोक 'पाळक' म्हणतात. मेंढरांचा पाळणारा तो पाळक. उपासनेसाठी एकत्र जमणारा समाज म्हणजे 'मंडळी', आणि तिचा कारभार पाहणारे ते 'पंच'. आमच्या पाळकसाहेबांकडे एक मंडळी नाही. रविवारी सकाळी अंबरनाथ, संध्याकाळी बदलापूरला एका सभासदाच्या घरी, आणि बुधवारी रात्री उल्हासनगरला प्रार्थनासभा, अशी त्यांची फिरती असते. गेली दोन वर्षे मी तरुण संघाची चिटणीस असल्यामुळे सणांच्या नियोजनाच्या बैठकीत मला बसावे लागते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे कोठेही गेले तरी 'लिहायचे काम हिच्याकडे द्या' हे ठरलेलेच! पण ज्याच्या हाती वही असते त्याला सगळे ऐकू येते, हा त्यातला फायदा.

तयारीतील पहिली गोष्ट म्हणजे तारीख. नाताळ २५ डिसेंबरला बांधलेला आहे. ईस्टर मात्र चंद्रावर चालतो. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सर्व मंडळ्यांनी हा सण एकाच दिवशी पाळावा असे ठरवले. पुढे रूढ झालेला नियम असा, की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार तो ईस्टर. म्हणून हा सण २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कधीही येऊ शकतो. ईस्टरपासून ४६ दिवस मागे मोजले की 'राखेचा बुधवार' येतो. तेथून उपवासकाळ सुरू होतो. या ४६ मध्ये सहा रविवार येतात. रविवार हा आनंदाचा वार, त्या दिवशी उपवास नाही. ते वजा केले की राहतात ४० दिवस. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला त्याची ही आठवण.

हे गणित वहीत मांडताना मला एक गंमत आढळली. ती पंचांग पाहणाऱ्या वाचकांना आवडेल. पौर्णिमेपासून दीड महिना मागे गेले की अमावास्या लागते. महाशिवरात्र असते माघातल्या अमावास्येच्या आदल्या रात्री. म्हणजे ज्या वर्षी ईस्टर चैत्री पौर्णिमेच्या मागोमाग येतो, त्या वर्षी राखेचा बुधवार महाशिवरात्रीच्या आसपासच पडणार. २०२२ साली महाशिवरात्र १ मार्चला होती आणि राखेचा बुधवार २ मार्चला. २०२३ साली १८ आणि २२ फेब्रुवारी. २०२४ साली मात्र ईस्टर होळीच्या पौर्णिमेनंतर लगेच, ३१ मार्चला आला. त्यामुळे राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीलाच होऊन गेला आणि ८ मार्चची महाशिवरात्र आमच्या उपवासकाळाच्या मध्येच आली.

ही नुसती गंमत नाही. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे आहे हे आपण सर्व जाणतो. महाशिवरात्रीला तेथे केवढी यात्रा भरते हेही जाणतो. त्या दिवशी मंदिराच्या बाजूचे रस्ते बंद असतात, रिक्षा मिळत नाही. अशा दिवसाला लागून संध्याकाळची उपासना ठेवणाऱ्या पाळकाने पंचांग पाहिले नसेल, तर रिकाम्या बाकांपुढे उपदेश करण्याची पाळी त्याच्यावर येईल. सुदैवाने १९७३ पासून निघणाऱ्या 'कालनिर्णय'मध्ये सगळ्यांचे सण एकाच पानावर सापडतात. आमच्या पाळकसाहेबांच्या टेबलावर पवित्र शास्त्राच्या शेजारी ते कायम उघडे असते.

राखेविषयी दोन शब्द. कॅथलिक मंडळीत आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या झावळ्या जाळून तिची राख कपाळी लावतात. आमच्या मंडळीत ती प्रथा नाही. आम्ही फक्त प्रार्थना करतो. पण भस्म म्हणजे काय हे अंबरनाथच्या माणसाला शिकवावे लागत नाही, आणि कपाळाला राख लावून लोकलमध्ये चढलेल्या कॅथलिक बाईकडे येथे कोणी वळून पाहत नाही.

चाळीस या आकड्याचेही तसेच. फाळणीनंतर येथल्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. येथील सिंधी बांधव जुलैच्या मध्यापासून झूलेलालचे 'चालिहो' धरतात, तेही चाळीस दिवसांचे व्रत. माझी एक मैत्रीण कॅम्प नंबर चारमध्ये राहते. तिच्या आजी हे व्रत करतात. 'तुमचे चालिहो उन्हाळ्यात, आमचे पावसाळ्यात,' असे त्या मला म्हणाल्या. एवढ्या थोड्या शब्दांत उपवासकाळाचा अर्थ मला उपदेशातही ऐकायला मिळाला नव्हता.

ख्रिस्ती लोकांतही सगळ्यांचा तक्ता एक नाही. आमच्या इमारतीत केरळचे एक कुटुंब राहते. ते सिरो-मलबार पंथाचे आहेत. या पंथाचा कल्याण धर्मप्रांत १९८८ साली स्थापन झाला. त्यांचा मोठा उपवास बुधवारी सुरू न होता त्याच्या दोन दिवस आधी, सोमवारीच सुरू होतो. मग जिन्यात भेट झाली की त्यांच्या घरचे मासे बंद, आमचे चालू! शेजारच्या पंथाचे काय चालले आहे हे पाळकाला ठाऊक असावे, नाहीतर संडे स्कूलची मुले जे प्रश्न विचारतात त्यांना उत्तर देता येत नाही.

तारखांचा सर्वांत अवघड योग मी शाळेत असताना पाहिला. २०१७ साली उत्तम शुक्रवार १४ एप्रिलला आला. येशूला वधस्तंभावर दिले तो हा दिवस, वर्षातील सर्वांत शांत. आणि त्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती, ढोलताशांची. आमच्या गावाकडच्या निम्म्या नातेवाइकांनी बाबासाहेबांबरोबर बौद्ध धर्म घेतलेला आहे. एकाच आजोबांची नातवंडे आम्ही. त्या वर्षी आम्ही दुपारी उपासनेला गेलो आणि संध्याकाळी पांढरे कपडे न बदलता आत्याकडे जयंतीला. मोठ्या माणसांत यावर थोडी कुरकुर झाली. तेव्हाच्या पाळकांनी मात्र उपासनेच्या शेवटीच सांगून टाकले होते, की ज्यांच्या घरी आज जयंती आहे त्यांनी निःशंक जावे. हे वाक्य त्यांना आयत्या वेळी सुचलेले नसणार. अशी वाक्ये आधी तयार ठेवावी लागतात.

आता भाषेकडे वळते, कारण मराठी पाळकाची खरी कसोटी येथे लागते. सण कोणत्या भाषेत आणि कोणत्या चालीवर करायचा, हा प्रश्न आजचा नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि येथली भाषा शिकला. १६१६ साली त्याचे 'ख्रिस्तपुराण' राचोल येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ! नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती, पण रविवारी, सणावारी बसून पुराण ऐकण्याची सवय कोठे जाणार? ती ओळखून त्याने ओवीतच शास्त्रकथा सांगितली. तेव्हा तेथल्या छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते, म्हणून हे मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावे लागले. पुढे तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) हेच काम अभंग आणि कीर्तनाच्या द्वारे केले. आपल्यापैकी पुष्कळांना ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे ठाऊक आहेत. आम्हाला ते 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून आधी भेटतात आणि साहित्यिक म्हणून नंतर.

आज परिस्थिती अशी आहे, की मंडळीतील निम्मी मुले इंग्रजी शाळेत जातात. त्यांना मराठी बोलता येते, पण गाणे चालू असताना देवनागरी ओळ डोळ्यांनी पकडता येत नाही. मग व्हॉट्सॲपवर टिळकांची गीते रोमन अक्षरांत फिरतात. एका बैठकीत एक जुने पंच यावर फार रागावले. मराठीचा अपमान आहे, म्हणाले. मला तेव्हा राचोलचा छापखाना आठवला. चारशे वर्षांपूर्वी खिळे नव्हते म्हणून, आणि आज मुलांना सवय नाही म्हणून, अक्षरे तीच आली! पाळकसाहेबांनी वाद वाढू दिला नाही. रोमन कागद राहू द्या, म्हणाले. पण नाताळची चार गीते मुलांनी कागदाशिवाय म्हणायची. त्यासाठी ऑक्टोबरपासून दर शनिवारी मंडळीतील दोन आजींना बोलावले. एकीला लिहिता-वाचता येत नाही. तिला पन्नासेक गीते सर्व कडव्यांसह पाठ आहेत. पेटी आणि तबल्यावर ती चाल सांगायची आणि मुले पाठोपाठ म्हणायची. गिटारवाले तरुणही हळूहळू येऊन बसू लागले. माझ्या मते रागावण्यापेक्षा हा उपाय कितीतरी बरा. मात्र तो डिसेंबरात सुचून उपयोग नाही.

एवढे झाल्यावर तुम्हाला वाटेल, तारीख ठरली, गीते बसली, आता उपदेश लिहिला की पाळक मोकळा झाला. पुष्कळ पाळक असेच करतात. आमच्याकडेही तसेच चालत होते. आता मी जे सांगणार आहे ते मला या लेखात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

नाताळच्या सकाळी उपासना झाली की आमच्याकडे प्रीतिभोजन असते. सगळ्या मंडळीने एका पंगतीत जेवायचे. अडीचशे पाने होतात. त्यासाठी आठ-नऊ बायका पहाटे पाचपासून मागच्या खोलीत कांदा चिरायला आणि पुऱ्या लाटायला बसत. माझी आई त्यांतली एक. उपासना नऊला सुरू होई. गीते, शास्त्रपाठ, उपदेश हे सगळे या बायका खिडकीतून ऐकत. प्रभुभोजनाच्या वेळी, सगळ्यांचे झाल्यावर, एक पंच ताट घेऊन मागे येत. मग त्या हात पदराला पुसून भाकर आणि द्राक्षारस घेत आणि पुन्हा कढईकडे वळत. मी लहानपणापासून हे पाहत आले होते आणि मला त्यात काही वावगे वाटत नव्हते. आईलाही नसावे. ती सलग अकरा वर्षे नाताळच्या दिवशी उपासनेच्या खोलीत बसलेली नव्हती, हा हिशेब आम्ही कोणी केलाच नव्हता.

तो हिशेब दोन वर्षांपूर्वी निघाला. नोव्हेंबरमधील बैठकीत पाळकसाहेब म्हणाले, "कार्यक्रम नंतर लिहू. आधी त्या सकाळी जे उपासनेला नसतील त्यांची नावे लिहा." पंच म्हणाले, येणारे किती ते मोजायचे, न येणारे कशाला? पण मी लिहू लागले. एकाला दुसरे नाव आठवू लागले. रुग्णालयात पाळीवर असणाऱ्या परिचारिका आणि आया चार. कारखान्यांत आणि इमारतींवर पहारा करणारे तीन. सणालासुद्धा पहिली पाळी सुटत नाही असे औद्योगिक वसाहतीतले दोघे. बदलापूरचे पाच वृद्ध, ज्यांना स्थानकावरचा पूल चढवत नाही. अंथरुणाला खिळलेले तिघे. ज्या घरात त्या वर्षी तरुण मुलगा लोकलमधून पडून गेला त्या घरची दोन माणसे. आणि शेवटी, सगळ्यांत उशिरा, स्वयंपाकखोलीतल्या आठ. एकूण सत्तावीस नावे झाली. वहीत माझ्याच हाताने आईचे नाव लिहिताना मला कसेसेच झाले, एवढेच येथे सांगते.

या यादीवरून त्या वर्षीची सगळी आखणी बदलली. पाळीवरच्यांसाठी २४ तारखेला संध्याकाळी छोटी उपासना ठेवली. बदलापूरच्या वृद्धांकडे पाळकसाहेब २३ लाच प्रभुभोजन घेऊन गेले. प्रीतिभोजन दुपारऐवजी संध्याकाळी ठेवायचे आणि स्वयंपाक पुरुषांनी करायचा असे ठरले. यावर बरीच बोलाबोली झाली. खर्च वाढेल, दुपारी लोक उपाशी घरी जातील, पुरुषांना मीठ कळत नाही, असे आक्षेप निघाले. शेवटचा आक्षेप बायकांनीच काढला होता! आणि तो खोटाही नव्हता. भात खालून लागला आणि वरून कच्चा राहिला. एका मावशींनी तेथेच जाहीर केले, की पुढच्या वर्षी आम्हीच करू.

पण त्या सकाळी आई तिसऱ्या रांगेत बसली होती. गीतपुस्तक मांडीवर तसेच बंद. खिडकीतून ऐकून ऐकून तिला सगळा क्रम पाठ झालेला होता. कधी उठायचे, कधी बसायचे, पाळकांच्या ओळीनंतर मंडळीने काय म्हणायचे, यांतले काही तिला कोणी सांगावे लागले नाही. घरी आल्यावर मी विचारले, "कसे वाटले?" ती म्हणाली, "आतून जरा वेगळेच ऐकू येते गं." गेल्या वर्षी भाताचे काम पैसे देऊन बाहेर सोपवले आणि भाजी आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून केली. मावशींचे अजून समाधान नाही. पण नावांची यादी आता दर सणाला निघते.

या यादीतले शोकाचे घर पाळकाला सर्वांत जड जाते. नाताळच्या आधी आठ-दहा दिवस तरुण मंडळी गीतफेरीला निघतात. घरोघर जाऊन ढोलकीवर गायचे, चहा-फराळ घ्यायचा, असा तो प्रकार. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला तेथे जायचे की नाही? न जावे तर वाळीत टाकल्यासारखे, जावे तर आनंदाची गाणी कोणत्या तोंडाने म्हणायची? पाळकसाहेब त्या घरी फेरीच्या चार दिवस आधी एकटे गेले आणि त्यांनाच विचारले. घरच्या काकांनी सांगितले, "या, पण ढोलकी नको. आणि आत या, दारातून जाऊ नका." आम्ही गेलो. एकच गीत म्हटले आणि बसलो. हे आधी विचारलेले नसते, तर ढोलकी दारात वाजलीच असती.

उत्तम शुक्रवारची गोष्ट वेगळी. दुपारी बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना असते. वधस्तंभावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. ही पद्धत पाश्चात्त्य असेल असे मी समजत होते. पण ती मूळची दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातल्या लिमा शहरातली. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथील जेझुइट पाद्रींनी ती सुरू केली. आमच्याकडे अडचण अशी, की सातही वक्ते आपापला उपदेश पूर्ण उपदेश समजून येतात. मार्च-एप्रिलचे ऊन, पत्र्याचे छप्पर, लोकांना उपास, आणि चौथ्या उद्गारालाच अडीच वाजतात! यावर पाळकाने वक्त्यांना घड्याळ दाखवणे हा उपाय नव्हे, कारण सणाच्या दिवशी कोणाला थांबवता येत नाही. आठवडाभर आधी प्रत्येकाला बोलावून त्याचे म्हणणे एकदा ऐकून घेतले, की ते आपोआप निम्मे होते. पिण्याचे पाणी आणि आजारी माणसांना दाराजवळची जागा, हे तर सांगायलाच नको.

गुरुवार रात्रीची उपासना मात्र मागे पडत चालली आहे. त्या दिवशी सुटी नसते. मुंबईहून सुटणारी माणसे आठ-साडेआठला अंबरनाथला उतरतात. ती साडेसातला ठेवायची हट्ट धरणाऱ्या पंचांनी एकदा तरी संध्याकाळच्या कर्जत लोकलमधून उभ्याने यावे, असे मला सुचवावेसे वाटते. रविवारच्या मेगाब्लॉकचेही असेच. ईस्टर रविवारीच येतो, आणि पहाटेच्या प्रभातफेरीला बदलापूरची मंडळी यायची असतात. तेव्हा रेल्वेचे वेळापत्रक शनिवारी पाहणे हा पाळकाच्या तयारीचाच भाग मानला पाहिजे. दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या उपवासकाळात येतात हे आणखी एक. त्या मुलांना गायनाच्या सरावाला बोलावू नये. बोलावले तर त्यांची आई येऊन भांडते, आणि योग्यच करते.

प्रभातफेरीत आम्ही ध्वनिक्षेपक वापरत नाही. २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ त्याला बंदीच आहे. राज्य सरकार सणासाठी रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते, तीही वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, पहाटेसाठी नाही. पण नियम नसता तरी वापरू नये असे मी म्हणेन. अंधारात टाळ आणि माणसांचे आवाज एवढेच पुरतात. खिडक्या उघडून लोक पाहतात. एक सिंधी गृहस्थ तर दरवर्षी दारात पाण्याचे पेले घेऊन उभे असतात.

सणाच्या उपदेशाबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण तो माझा अधिकार नाही. फक्त खाली बसणाऱ्यांच्या वतीने एक विनंती करते. वर्षातून दोनदाच येणारी माणसे सणाला येतात. त्यांना पाहून 'इतके दिवस कोठे होता?' असे व्यासपीठावरून विचारायचा मोह आवरावा. ती कोठे होती हे त्यांना ठाऊक असते. एक रिक्षाचालक काका अशाच एका टोमण्यानंतर तीन वर्षे फिरकले नव्हते.

राहिला शास्त्रपाठ. आमच्यात पवित्र शास्त्राचे वाचन सणाला सभासदांपैकीच कोणीतरी करते. पूर्वी ते शिकलेल्या पुरुषांकडे, म्हणजे बँकेतल्या नाहीतर शाळेतल्या साहेबांकडे ठरलेले असे. ईस्टरच्या पाठात कबरेकडे पहाटे प्रथम जातात त्या स्त्रिया. त्या सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्या असतात, म्हणजे कामालाच निघालेल्या असतात. आणि बातमी त्यांनाच आधी कळते. हा पाठ मी लहानपणापासून पुरुषाच्याच आवाजात ऐकला. यंदा पाळकसाहेबांनी वाचक बदलायचे ठरवले आहे. उत्तम शुक्रवारचा एक पाठ माझ्या वडिलांकडे आला आहे आणि ईस्टरचा आईकडे. वडील सातवीपर्यंत शिकलेले, आई चौथीपर्यंत. सराव दर गुरुवारी जेवणानंतर चालतो. पद्धत पाळकसाहेबांनी सांगितली ती अशी : पाठ आधी मनात वाचायचा, मग मोठ्याने तीनदा, आणि तिसऱ्या वेळी ऐकणाऱ्याने खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहायचे. आमची खोली दहा बाय बाराची, त्यामुळे मला बाहेर जिन्यात उभे राहावे लागते. वडील 'अरिमथाईकर योसेफ' या नावावर दरवेळी अडखळतात. आईने त्यावर युक्ती काढली आहे. नाव आले की ती आतून चमच्याने पातेल्यावर एक टोला देते, म्हणजे त्यांनी थांबायचे, श्वास घ्यायचा आणि मग म्हणायचे. गेल्या गुरुवारी ते टोल्याशिवाय म्हणाले. आईचा पाठ अजून दोनदाच झाला आहे. तिला पुस्तक थोडे लांब धरावे लागते, म्हणून या महिन्यात आधी चष्मा करायचा आहे.